भिंतीच्या आतलं बेट

माझा दादा गवंडी होता, हे आधी लिही. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. नावानं त्याला कुणी हाक मारलीच नाही, सगळे ओळंबाच म्हणायचे. ओळंबा ठाऊक आहे ना तुला? भिंत सरळ आलीय का कललीय ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून वरून सोडतो, ते. दादा तसाच होता. उंच, काटकुळा, मान खाली. चार दिवसांत चार शब्द बोलायचा आणि तेही सरळ खाली येऊन पडायचे, इकडे नाही की तिकडे नाही. वहिनी म्हणायची, "दोरी माझ्या हातात आहे म्हणून बरं, नाहीतर हा माणूस कुठे लोंबकळत राहिला असता देव जाणे."

तू बेट सोडलंस तेव्हा पाच वर्षांची होतीस, तुला किती आठवतंय कुणास ठाऊक. म्हणून बेटाचंही सांगते, नाहीतर दादाचं तुला कळायचं नाही.

आमच्या बेटावर डोंगर नव्हता, नदी नव्हती, माती म्हणावी अशी मातीसुद्धा नव्हती. चुलीवर भात ठेवून निघालं तर भात शिजेपर्यंत बेटाला फेरी मारून परत येता यायचं. मी मारलीय, आणि भात लागल्यावर आईचा मारही खाल्लाय. सगळी वाळू. पण ती वाळू हातात घेऊन बघितलीस तर ती दगडाची नव्हे. पोवळ्याचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, आणि तांदळाच्या कण्यांसारखे बारीक पांढरे दाणे. ते दाणे म्हणजे पण कुठल्याशा बारक्या जिवांची घरं, असं मला फार नंतर कळलं. बेटापासून थोडं बाहेर, पाण्याखाली पोवळ्याची कड होती. ताटाला काठ असतो ना, तसा. ते पोवळं जिवंत असतं, वाढतं. लाटा आपटतात, त्याचे तुकडे पडतात, तुकडे लोळून लोळून वाळू होते. आणि एक मासा असतो हिरवा-निळा, पोपटासारख्या चोचीचा. तो पोवळं कुरतडून खातो आणि मागून वाळू सोडतो. हो, हस. मलाही हसू आलं होतं. म्हणजे आम्ही ज्याच्यावर जन्मलो, खेळलो, लग्नं केली, त्यातलं बरंचसं माशाची शी होती.

अशी ती वाळू लाटा आणून टाकत होत्या, पिढ्यान् पिढ्या, आणि तिचं झालं बेट. पण पाटावर पीठ सांडलं आणि कुणी फुंकर मारली की ते सरकतं ना, तसं ते सरकायचं. अर्धं वर्ष वारा एका अंगानं, अर्धं वर्ष दुसऱ्या अंगानं. या बाजूची पुळण तिकडे जायची, तिकडची इकडे यायची. माझे वडील म्हणायचे, "बेट कूस बदलतंय, बदलू दे." म्हणून आमची घरंही सुटी असायची. खांब, चटया, झावळ्यांचं छप्पर, सगळं दोरीनं बांधलेलं. दोन-तीन वर्षांनी पाणी जवळ आलं की सगळं बेट मिळून त्या घराच्या गाठी सोडायचं आणि वीस-तीस पावलं आत नेऊन पुन्हा बांधायचं. सकाळी सुरू केलं की दुपारच्या जेवणाला नव्या जागेवर चूल पेटायची. याला आम्ही 'घर सरकवणं' म्हणायचो. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. बायका तर थट्टा करायच्या, "यंदा तुझ्या घराचं तोंड माझ्याकडे नको हं करू, भांडायला सोपं जाईल."

पण एका वर्षी आमचं घर सरकवायची पाळी आली तेव्हा आई बाळंत होऊन दोनच दिवस झाले होते. पाणी खांबांना लागलं होतं, थांबता येण्यासारखं नव्हतं. लोकांनी आईला झाडाखाली चटईवर बसवलं, बाळ तिच्या मांडीवर. छप्पर खाली उतरवलं आणि पाऊस आला. साधासुधा नाही, दुपारभर धो धो. दादा बारा वर्षांचा होता. तो आपली पाठ वाकवून आईवर आणि बाळावर उभा राहिला, छपरासारखा. मी चार वर्षांची, मला त्याची पाठ तेवढी आठवते, पाणी निथळणारी. बाळ चौथ्या दिवशी गेलं. मुलगा होता.

कुणी कुणाला दोष दिला नाही. दादानं मात्र तेव्हापासून घर सरकवायला हात लावला नाही. बाकीची पोरं दोर ओढायची, हा लांब बसायचा. पंधराव्या वर्षी तो बोटीनं मोठ्या गावी गेला आणि एका गवंड्याच्या हाताखाली राहिला. वडील म्हणाले, "वाळूतल्या पोराला विटा काय करायच्यात?" सात वर्षांनी तो परत आला तेव्हा पिशवीत थापी, ओळंबा, छिन्नी आणि घण. अंगावर एक बरा सदरासुद्धा नव्हता.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. दादा मला म्हणाला, "तुला मी घर देतो. तुला ते कधी सरकवावं लागणार नाही."

आता दगड कुठून आणायचा? बेटावर दगड नाही. ओहोटीला तो कडेवर चालत जायचा आणि पोवळ्याचे ठोकळे पहारीनं उचकटून आणायचा. ओले असताना ते सहज कापले जातात, वाळले की कडक होतात. त्याच पोवळ्याचे तुकडे भट्टीत भाजून चुना करायचा. पहिल्यांदा भट्टी लावली तेव्हा सगळं बेट बघायला जमलं आणि सगळं बेट खोकत घरी गेलं. दादाच्या छातीत तो चुना पुढे कायमचा बसला, पण तेव्हा कुणाला काय ठाऊक. आठ महिन्यांत माझं घर उभं राहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तीन पायऱ्या, पांढरं शुभ्र. तुझे आजोबा उंच होते म्हणून दार मुद्दाम उंच केलं. आजोबा दारातून आत-बाहेर, आत-बाहेर करून बघत होते, लहान पोरासारखे. म्हणाले, "साल्या, आमच्या डोक्याची काळजी बायकोच्या भावाला, बापाला कधी नव्हती." दादा हसला. तो हसला की नुसता एका बाजूनं हसायचा.

मग काय, प्रत्येकाला पक्कं घर हवं. दादाला श्वास घ्यायला फुरसत नाही. दोर आणि गाठी विसरले लोक. आणि बेट आपलं कूस बदलतच होतं. दोन वर्षांनी माझ्या खालच्या पायरीला पाणी लागलं. आधीचं घर असतं तर सकाळी गाठी सोडल्या असत्या. या घराला गाठ कुठे होती?

दादा आला, पायरीवर बसला, पाण्याकडे बघत राहिला. तुझे आजोबा म्हणाले, "बोला ओळंबाजी, आता घर उचलायचं का समुद्र?"

"समुद्र," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं माझ्या घरासमोर भिंत घालायला घेतली. आधी वीस पावलं. मग शेजारणीचा ओरडा, की भिंतीला अडलेलं पाणी आमच्या अंगणात येतंय. मग तिच्यासमोर. मग तिच्या शेजारणीसमोर. असं करत अकरा वर्षं लागली आणि भिंत बेटाला वेढा घालून पुन्हा माझ्या दाराशी आली. छातीएवढी उंच. सगळ्यांनी हात लावला, आम्ही बायकांनी डोक्यावरून ठोकळे वाहिले. ज्या दिवशी शेवटचा ठोकळा बसला, त्या दिवशी वडील, तेव्हा ते म्हातारे झाले होते, भिंतीवर चढून बसले आणि म्हणाले, "आता झोप रे बाबा एका कुशीवर." बेटाला म्हणाले. आम्हाला केवढं कौतुक. वीस वर्षांत एक घर हललं नाही. माझी पोरं त्या घरात झाली, पाऊस बाहेर पडायचा आणि मी आत पोराला तेल लावायचे. आई बघत बसायची. माझे हेही त्याच घरात तापानं गेले, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतेय, की पुढे मी जे वागले ते तुला कळावं.

काय काय होत होतं ते आम्हाला दिसत होतं, पण आम्ही बघत नव्हतो. भिंतीबाहेरची पुळण गेली, पोरांना खेळायला जागा राहिली नाही. कासवं यायची, ती यायची बंद झाली. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात जरा मचूळ लागायला लागलं. मी म्हणायचे, घागर नीट विसळली नसेल.

आणि मग ती काठीवाली बाई आली. शिकलेली, केस आखूड, पायात पोरांसारखी चप्पल. समुद्र मोजायला आलेय म्हणाली. आमच्या बेटावर आणि शेजारच्या धाकट्या बेटावर तिनं काठ्या रोवल्या, काठ्यांवर रंगाच्या रेघा मारल्या. धाकट्या बेटावर कुणी राहत नव्हतं. पाखरं, चार झुडपं, आणि जाळी वाळवायला आम्ही जायचो तेवढंच. वहिनी तिला म्हणाली, "बाई, समुद्र मोजून झाला की आमच्या ह्यांचं डोकंही मोजा, आत काय चाललंय ते मला चाळीस वर्षांत कळलं नाही." बाई खळखळून हसली. तिथून तिचं आणि आमच्या घराचं जमलं.

ती दर वर्षी यायची. तिसऱ्या वर्षी दादाच्या ओट्यावर बसून तिनं सांगितलं. मी तिथेच मासे साफ करत होते. ती म्हणाली, "समुद्र वर चढतोय, दादा. वर्षाला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा, पण चढतोय."

दादा म्हणाला, "भिंत वाढवू."

"धाकटं बेट पण चढलंय," ती म्हणाली.

दादानं मान वर केली.

"मोठी लाट आली की ती पोवळ्याचे तुकडे आणि वाळू बेटावर फेकते. पाणी परत जातं, वाळू राहते. प्रत्येक वेळी थोडी थोडी. धाकटं बेट सरकलंय पण, आहे त्या जागी नाही. पण तीन वर्षांत ते बोटभर उंच झालंय. तुमचं तिळभरही नाही."

"का?"

बाईला सांगवत नव्हतं, मला दिसत होतं. ती पायानं वाळूत रेघा ओढत होती.

दादानंच सांगितलं. "वाळू भिंतीबाहेर अडते," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि जिथून ती व्हायची ते पोवळं मी उचकटून भिंतीत घातलं."

बाई म्हणाली, "कुणालाच ठाऊक नव्हतं हो."

"वडिलांना होतं," दादा म्हणाला आणि उठून आत गेला.

दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं माणसं जमवली आणि म्हणाला, भिंत उघडायची. सगळी नाही, साठ पावलं. कुठे, तर माझ्या घरासमोर. कारण तिथल्या कडेच्या पोवळ्याला त्यानं कधी हात लावला नव्हता, तुझे आजोबा तिथे जाळं टाकायचे म्हणून. तेवढंच काय ते जिवंत उरलं होतं, वाळू येणार तर तिथूनच येणार. पण भिंत उघडली की पहिलं माझं घर जाणार, आणि शेजारची दोन. शेजारची दोन्ही घरं माझ्याकडे बघायला लागली. ती हो म्हणाली तर आम्ही हो म्हणू, असं ते बघणं.

मी काय म्हणाले ते लिही. खाडाखोड न करता लिही. मी म्हणाले, "तुला मोडायचंच होतं तर बांधलंस कशाला? मला कधी सरकवावं लागणार नाही असं तोंडानं बोलला होतास ना? वाळूपायी तू आता बहिणीला घराबाहेर काढणार?" आणि पुढे असंही म्हणाले, "त्या बाळाच्या वेळी तरी पाऊस होता. आता तूच."

चार माणसांत बोलले मी ते.

दादा ओळंब्यासारखा उभा राहिला. मग म्हणाला, "बरं. तू म्हणशील तेव्हा." आणि माणसं घरी गेली.

त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. चार वर्षं. रोज संध्याकाळी यायचा, पायरीवर बसून चहा प्यायचा, भिंतीकडे बघायचा नाही. मला वाटायचं, राग नाही त्याला, विसरला. माझ्या सोयीचं होतं ते. काठीवाली बाई यायची, मोजायची, मला नमस्कार करायची. तिनंही कधी तोंड उघडलं नाही. दादानं तिला बजावलं होतं, हे मला मागाहून वहिनीनं सांगितलं.

मग ते वादळ आलं. सकाळी आभाळ पिवळं झालं होतं, दुपारी जेवणवेळेला पहिली लाट भिंतीवरून आत आली. मी तुला कडेवर घेतलं आणि माळ्यावर चढले. तू रडली नाहीस, "आजी, भात भिजला," एवढंच म्हणालीस. एकामागून एक लाटा. भिंतीचा एक दगड हलला नाही, बरं का. असं बांधकाम कुणी करत नाही आता. लाटा वरून आत यायच्या, आणि आतलं पाणी बाहेर जायला वाट नव्हती. भिंतीनं ते धरून ठेवलं. पाच दिवस बेट परातीसारखं भरलेलं होतं, खाऱ्या पाण्यानं. दादा आणि माणसं चार ठिकाणी भोकं पाडत होती, पण दादाचीच भिंत, ती सहज थोडीच फुटणार. माणसं शिव्या देत होती, "ओळंब्या, एवढं पक्कं कशाला रे बांधलंस!" आणि तो घण घालत होता.

आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे पावसाचं. वाळूत मुरतं आणि खाली खाऱ्या पाण्यावर गोड पाण्याचा थर धरतो, दुधावर साय धरावी तसा. पाच दिवस वरून खारं पाणी मुरलं आणि ती साय मोडली. केळी गेल्या, भाजी गेली. माडसुद्धा वरून सुकायला लागले. पाण्याचे डबे बोटीनं यायला लागले.

दहाव्या दिवशी दादा मला म्हणाला, "चल, जाळी बघून येऊ." मला कळलं, जाळ्यांचं निमित्त आहे. होडीनं धाकट्या बेटावर गेलो. मला आधी ते ओळखूच आलं नाही. वाऱ्याच्या अंगाला पोवळ्याच्या तुकड्यांचा बांध पडला होता, कमरेएवढा उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी रचावा असा. आणि त्याच्या आत वाळूचा ताजा थर, बाईच्या काठीच्या तीन रेघा बुडवून वर आलेला. झुडपं अर्धी गाडली गेली होती, पण हिरवी होती. पाणी कुठे साचलेलं नाही.

दादा त्या बांधावरून चालत गेला. एका ठिकाणी वाकून त्यानं त्यावर हात ठेवला, गवंडी दुसऱ्याच्या कामावर ठेवतो तसा. म्हणाला, "एका दुपारचं काम."

मी तिथेच बसले. म्हटलं, "दादा, फोड."

तो म्हणाला, "घर जाईल."

"फोड म्हणते ना!" मी ओरडले त्याच्यावर. आणि रडले. तो सत्तरीचा, मी बासष्ट. तो शेजारी येऊन बसला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून नुसता बसला. लहानपणी पण तो असाच करायचा, समजूत म्हणून काही बोलता यायचं नाही त्याला.

भिंत उघडायला सहा महिने लागले. रोज ओहोटीला. मी घर रिकामं केलं, वहिनीकडे राहायला गेले. एक एक ठोकळा तो सोडवायचा आणि होडीनं नेऊन कडेवर, जिथून काढला होता तिथे टाकायचा. मी म्हटलं, "मेलेलं पोवळं ते, आता काय उपयोग?" तो म्हणाला, "बाई म्हणाली जिवंत पोवळं मेलेल्यावर चढतं कधीकधी." कधीकधी, असं म्हणाला. खोकला त्याला तेव्हाच लागला होता. चुना शेवटी छातीतून बोलायला लागला.

माणसं जात होती. डब्यातल्या पाण्यावर किती दिवस जगणार? दर बोटीला एक घर. तुझ्या बापाला इथे काम मिळालं, आपण आलो. मी बोटीत चढताना दादा धक्क्यावर उभा होता. म्हणाला, "सरकवलंच शेवटी मी तुला." मी म्हटलं, "गप रे."

तो आणि वहिनी आणि सात-आठ म्हातारी माणसं आणखी तीन वर्षं राहिली. मग वहिनी गेली, आणि मागोमाग त्याचा दमा इतका वाढला की पाण्याचे डबे आणणाऱ्या नाववाल्यानं त्याला जबरदस्तीनं उचलून इथे आणला. त्या आतल्या खोलीत होता, तुला आठवतंय, तू त्याला शाळेतलं वाचून दाखवायचीस. तिसरा मजला, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. तो त्या भिंतीकडे बघून म्हणायचा, "कललीय." खरंच कलली असेल.

नाववाला पंधरा दिवसांनी फोन करायचा. दादाला कानाला धरता यायचा नाही, मी धरायचे. त्याचा एकच प्रश्न.

"वाळू कुठवर?"

"पायऱ्या बुडाल्या, ओळंबाकाका. तिन्ही."

पुढच्या महिन्यात, "उंबऱ्याच्या आत आलीय."

मोठ्या वाऱ्यानंतर, "अहो, स्वयंपाकघरात चूल दिसत नाही. नुसती वाळू. मागच्या अंगणातसुद्धा टाकलीय, आत पार विहिरीपर्यंत. आणि उंच आहे हो, चालताना चढ जाणवतो!"

दादा हसला, त्या एका बाजूनं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "तुझी चूल गेली ना गं," म्हणाला.

"जाऊ दे. इथे गॅस आहे," मी म्हटलं.

त्यानं कूस बदलली, तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. नुसती हाडं. ही तीच पाठ, हे माझ्या मनात आलं आणि मला तिथे बसवेना, मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला. सकाळी, चहा हातात घेऊन मी आत गेले तर गेलेला.

गेल्या वर्षी काठीवाली बाई मला बेटावर घेऊन गेली. तुझा बाप नको म्हणत होता, माझे गुडघे बघून. बेटावर आता कुणी नाही. शेवटची दोन माणसंही निघून गेली. माझं घर उभं आहे. दारातून मला वाकून जावं लागलं, एवढी आत वाळू. तुझे आजोबा असते तर त्यांना रांगावं लागलं असतं. खिडकीच्या खालच्या चौकटीला वाळू टेकलीय. बाईनं काठी लावली आणि म्हणाली, "आजी, हातभर. घरात ढीग साचलाय तो सोडा, ही अख्खी बाजूच हातभर उंच झालीय." तिचे डोळे भरले होते. दादाला सांगायचं होतं तिला.

विहिरीचं पाणी मी चाखलं. खारट. थुंकले.

बाई म्हणाली, "पाऊस पडत राहिला, कुणी उपसलं नाही, तर थर परत धरेल कदाचित. काही वर्षांनी."

मग मी तिला विचारलं. इतकी वर्षं मला विचारायचं होतं आणि दादासमोर विचारता येत नव्हतं. म्हटलं, "बाई, चार वर्षं आधी मी हो म्हणाले असते, तर विहीर राहिली असती का? माणसं राहिली असती का?"

ती खोटं बोलणारी नाही. काठीवरच्या रेघांकडे बघत ती म्हणाली, "मला माहीत नाही, आजी."

"अंदाज?"

"अंदाज नका विचारू."

तिनं विचारू नका म्हटलं, म्हणजे मला कळलं. कळलं म्हणून मी काही केलं नाही, तिथे करण्यासारखं काही नव्हतं. आजोबा गेले त्या कोपऱ्यात थोडा वेळ बसले. वाळू गार होती, स्वच्छ होती, एक मुंगीसुद्धा नव्हती तिच्यावर.

होडीत बसायच्या आधी मी कपडे झटकले. बाई म्हणाली, "राहू द्या आजी, घरी धुवाल." मी म्हटलं, नाही, इथलं इथेच राहू दे. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून काढली, ओच्यातली काढली, केसांतलीसुद्धा. ती बिचारी थांबली. नाववाला ओरडत होता, ओहोटी लागली, होडी अडकेल, लवकर करा म्हणून. मी चपला एकमेकींवर आपटल्या, पुन्हा एकदा आपटल्या, आणि अनवाणीच पाण्यातून चालत होडीपर्यंत गेले.